सल्ला हवाय: डीबीझेड (ड्रॅगन बॉल झी, जपानी कार्टून मालिका) ची शेवटची लढाई (किड बू या खलनायकाशी) भाच्याला दाखवायचीय, सगळे २९१ भाग न बघता कुठून सुरू करू?

खिडकीसीट
मंडळी, भाचा सातवीत आहे, त्याने ड्रॅगन बॉल सुपर (झीच्या नंतर आलेली मालिका) सगळं बघून झालंय आणि परवा फोनवर म्हणतो, मामा तुमचा तो किड बू म्हणजे काय, आत्ताचा गोकू (मालिकेचा नायक) त्याला एका बुक्कीत संपवेल. डोकंच फिरलं माझं. पण खरं सांगायचं तर मी पण शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर जमेल तसं बघितलेलं, मधले भाग क्लासपायी बुडायचे, त्यामुळे सलग असं शेवटचं काहीच आठवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत येतोय तो. २९१ भाग काही होणार नाहीत. कुठून धरू? मूळ झी की काई (त्याचीच नंतर कापून छोटी केलेली आवृत्ती)? जपानी की इंग्रजी?

रात्रपाळी
बू चं सगळं प्रकरण २०० व्या भागापासून आहे, तेवढं जमलं तर उत्तमच, पण सुट्टी संपून जाईल. माझं ऐकशील तर गोकूच्या मागे न जाता त्याचा जुना प्रतिस्पर्धी व्हेजिटा, त्याच्या मागे जा. म्हणजे साधारण २२८ पासून २३७ पर्यंत बघा, तो बाबिदी या जादूगाराचा गुलाम होतो मुद्दाम, का तर गोकूशी एकदाची लढाई व्हावी म्हणून, आणि २३७ ला पोराला पहिल्यांदाच जवळ घेतो आणि स्वतःला उडवून देतो, तरी बू मरत नाहीच. हे न बघता शेवट बघितला तर २८० व्या भागात तो लांब उभा राहून मनातल्या मनात जे बोलतो, काकारॉट (म्हणजे गोकू) तूच नंबर एक, ते भाच्याला नुसतं लेक्चर वाटेल. ज्या माणसाने दोनशे भाग हे एकच वाक्य गिळून धरलंय त्याच्या तोंडून ते येणं, लढाई खरी तिथे आहे. लाथाबुक्क्या तर काय सगळीकडेच आहेत.

मधलं गोटेंक्स (गोकू आणि व्हेजिटाची पोरं जोडून झालेला), गोहान (गोकूचा थोरला) वगैरे तोंडी सांगून टाक, पाच मिनिटात होतं (नामेक ग्रहावरच्या लढाईतली भागच्या भाग चाललेली पाच मिनिटं नाही, खरी पाच).

अर्धा_चहा
रात्रपाळीला +१. फक्त २४५ ची भर घाल, गोकू पहिल्यांदा सुपर सायन ३ होतो तो (सायन ही त्याची आणि व्हेजिटाची जमात, आणि हे भयंकर ताकद खाणारं रूप). नाहीतर शेवटी त्याची ताकद मध्येच का गळते ते पोराला कळणार नाही.

आणि भाग क्रमांक जपून हां. अमेरिकेत सुरुवातीचे भाग कापून एकूण २७६ केले होते, त्यामुळे एखाद्या यादीत शेवटचा आकडा २७६ दिसला तर वर दिलेले नंबर तिथे चालणार नाहीत.

जुनी_कॅसेट
काई बघा सरळ. 'द फायनल चॅप्टर्स' म्हणून २०१४-१५ ला आलेलं, बू चा सगळा भाग जपानमध्ये ६१ भागात बसवला, बाहेर ६९. पाणी (उगाच लांबवलेलं) कमी आहे त्यात. चित्राला हिरवट झाक आहे तेवढी सहन करायची.

रात्रपाळी
@जुनी_कॅसेट बरोबर आहे पण मी मूळच सांगेन, शुन्सुके किकुची यांचं संगीत काईच्या या भागाला नाही आणि त्याशिवाय हा शेवट मला बेचव लागतो. पाणी आहे हे मान्य, पण शेवटच्या दहाबारा भागात ते पाणी कामाला येतं. स्पिरिट बॉम्ब (सगळ्यांची ऊर्जा गोळा करून केलेला गोळा) भरायला वेळ लागतो तो वेळ आपल्यालाही लागायला पाहिजे ना. आधी व्हेजिटा सगळ्या पृथ्वीला हात वर करायला सांगतो, लोक ढिम्म, मग गोकू विनवणी करतो, तरी ढिम्म, आणि मग तो थापाड्या मिस्टर सेटन ओरडतो आणि करोडो हात वर!! आख्खी मालिका ज्याला हसलो त्याच्या शब्दावर जग वाचतं. यात पॉवर लेव्हल (कोणाची ताकद किती ते आकडे) कुठे बसवणार भाचा?

अजून एक, झी मध्ये आधी हाच बॉम्ब दोनदा पडलेला, व्हेजिटावर आणि फ्रीझा या आधीच्या खलनायकावर, दोघंही जिवंत राहिले. तेव्हा २८६ ला तो पडतो तेव्हा खात्री नसते.

सहावा_बॉल
मी वेगळंच सांगतो, शिव्या द्या हवं तर. मार्शल आर्ट म्हणून बघायचं असेल तर झी सोडा, पहिलं ड्रॅगन बॉल घ्या (१५३ भाग, १९८६ ते ८९) आणि त्यातली शेवटची स्पर्धा दाखवा, गोकू विरुद्ध पिकोलो (तेव्हाचा त्याचा शत्रू). आखाडा आहे, नियम आहेत, रिंगबाहेर पडलास की हरलास. हातपाय निकामी झालेला गोकू उडून नुसत्या डोक्याने धडक देतो आणि जिंकतो, आणि वर त्याच पिकोलोला जखमा भरून काढणारी सेंझू बी खायला देतो. किड बू मध्ये डोंगर फोडायचे नुसते.

अर्धा_चहा
डोंगर फोडायच्या आधी दोघं सायन दगड-कागद-कात्री खेळतात पहिला कोण लढणार म्हणून, ते विसरलास वाटतं 😄 पृथ्वी फुटलीय, बायकापोरं गेलीयत आणि हे नंबर लावतायत. जोडून एक व्हायचे कानातले डूल पण नको म्हणून फोडून टाकले. पण पिकोलोवाली लढाई भारीच, त्यात वाद नाही.

खिडकीसीट
बापरे, धन्यवाद सगळ्यांना. मग २२८ ते २३७, २४५, आणि २७५ पासून पुढे सलग, मूळ झी, असं ठरवतो. आवाज जपानी ठेवू का? आणि २८६ नंतरचे भाग बघायचे की बंद करू?

जुनी_कॅसेट
जपानी ठेवा पण आधी सांगून ठेवा की गोकूचा आवाज मासाको नोझावा या बाईंचा आहे, गोहान आणि गोतेन पण त्याच. सुपर इंग्रजीत पाहिलं असेल तर पहिले दोन भाग तो हसेल, मग सवय होते.

रात्रपाळी
बंद करू नको. बॉम्ब टाकताना गोकू बू ला म्हणतो की पुढच्या जन्मी चांगला होऊन ये, एकास एक लढू, आणि शेवटच्या तीन भागात दहा वर्षांनी स्पर्धेत उब नावाचा पोरगा येतो तो तोच. भाच्याने पाहिलेलं सुपर सगळं याच दहा वर्षांतलं आहे, २८८ आणि २८९ च्या मधलं. तिथे पॉज करून सांग त्याला.