कसूती घरबसल्या शिकायची आहे : मोफत व्हिडिओ कसे निवडावेत आणि ४०० रुपयांत काय घ्यावे?

वडगावची लेक
नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीची लग्नानंतरची पहिली संक्रांत येत्या जानेवारीत आहे. तिच्या काळ्या सुती चंद्रकळेच्या पदरावर माझ्या हातची कसूती, म्हणजे सूत मोजून घालायचे धारवाडकडचे भरतकाम असावे, अशी माझी फार इच्छा आहे. मला धावदोरा, साखळी टाका आणि काजे-बटण एवढेच येते. क्लास लावणे शक्य नाही, कारण दुपारचे दोन तासच काय ते माझे स्वतःचे असतात. त्यामुळे यूट्यूबवरचे मोफत व्हिडिओ पाहूनच शिकायचे आहे. साहित्यासाठी ४०० रुपये बाजूला ठेवले आहेत. व्हिडिओ ढिगाने दिसतात, पण नीट शिकवणारा कोणता हे ओळखायचे कसे? सुरुवातीला काय विकत घ्यावे?

टिळकवाडीकर
ताई, सर्वांत आधी भिंग बसवलेला दिवा घ्या. मी गेल्या वर्षी १,८०० रुपयांना घेतला आणि तेव्हापासून माझे डोळे दुखणे थांबले. त्यासोबत जमिनीवर उभी राहणारी लाकडी चौकट घेतली, तर दोन्ही हात मोकळे राहतात. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि एवढ्या खर्चाचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

खानापूरची काकू
बाळा, काळ्या कापडावर पहिला टाका घालू नकोस. पांढरे मॅटी कापड, म्हणजे घरे मोजता येतील असे जाड विणीचे सुती कापड, अर्धा मीटर आण आणि त्यावर रुमाल कर. कसूतीचे टाके चार : गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे जाताना धावदोरा घालायचा आणि परत येताना राहिलेल्या फटी भरायच्या. मुर्गीही तशीच, फक्त ती पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढते. हे दोन्ही टाके सुलट्या आणि उलट्या बाजूने सारखेच दिसले पाहिजेत. नेगी विणकामासारखी दिसते, तर मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका. या दोन्हींची उलट बाजू वेगळी दिसते. गाठ कुठेही मारायची नाही. माझ्या सासूबाई गाठ दिसली की सगळे उसवायला लावत असत आणि त्या वेळी मला त्याचा रागही येई.

व्हिडिओ निवडण्याची माझी एकच खूण आहे. शिकवणारी बाई कापड उलटून मागची बाजू दाखवत असेल, तर तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. दाखवत नसेल, तर सोडून दे.

चिकोडीकर
काकूंचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ‘कशिदा’ किंवा ‘भरतकाम’ असे शोधले, तर निम्मे व्हिडिओ साखळी टाक्याचे येतात. ‘कसूती’ हा शब्द कन्नड लिपीत टाकून शोधावा. धारवाड भागातल्या बायका घरच्या ओसरीवर बसून जे दाखवतात, ते तेव्हा सापडते. बोलणे कन्नड असले, तरी सीमाभागातल्या आपल्या माणसांना ‘मेले’ म्हणजे वर आणि ‘केळगे’ म्हणजे खाली एवढे कळतेच, आणि कसूतीला तेवढे पुरते. व्हिडिओचा वेग अर्धा करावा. दुपारी वीज जाते, म्हणून तो आधीच मोबाइलवर उतरवून ठेवावा.

शहापूरची सून
‘कशिदा’ हा शब्द चुकीचा आहे असे सुचवू नये. आमच्या घरी तीन पिढ्या इरकल लुगड्यावरच्या या कामाला कशिदाच म्हणतात.

चिकोडीकर
शब्द चुकीचा आहे असे मी म्हटलेले नाही. मी फक्त शोधण्यापुरते बोललो. कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात. कसूती हे नाव त्यावरूनच आले, असे सांगतात.

निपाणीचे गुरुजी
मी गणित शिकवतो आणि पत्नीसाठी नक्षी काढून देतो, म्हणून लिहितो. व्हिडिओ पाहता पाहता टाके घालू नका. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढा आणि सुई कुठून कुठे जाणार, ते बाणांनी दाखवा. मुख्य रेषेवरून जाताना फांदी आली, की तिच्या टोकापर्यंत जाऊन लगेच परत यायचे आणि मग पुढे निघायचे. फांदीत चार टाके असोत वा पाच, परतताना राहिलेल्या जागाच भरल्या जातात. हे कागदावर एकदा करून पाहिले, की मनातली भीती जाते. फांदी विसरून पुढे गेलात, तर मागे आडवा दोरा ओढावा लागतो आणि काकू म्हणतात ती उलट बाजू बिघडते.

मापाचा हिशेबही करून ठेवा. कापडावर इंचाला १४ घरे असतील, तर ४२ घरांचे तुळशीवृंदावन ३ इंच रुंद होईल. पदरावर अशी किती बसतील, हे त्यावरून ठरवता येईल.

टिळकवाडीकर
या सगळ्यालाही चांगला उजेड लागतोच. दिव्याचा विचार नक्की करावा.

अनगोळची हौशी
मी सांगते ते ऐका आणि तयार संच मागवू नका. मी ऑनलाइन ६५० रुपयांचा संच घेतला. त्यातल्या लाल दोऱ्याचा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर उतरला आणि महिनाभराचे काम वाया गेले. दोरा सुटाच घ्या. पांढऱ्या ओल्या फडक्यात तो दाबून ठेवा. डाग पडला, तर वापरू नका. आणि सुरुवात पांढऱ्या मॅटीवरच करा.

संकेश्वरची शिलाईवाली
दिवा आणि चौकट या कामाला लागत नाही. काळ्या कापडाखाली मांडीवर पांढरा टॉवेल पसरला, की विणीतली भोके उजळ दिसतात आणि काम खिडकीशी बसून होते.

मॅटीला बोथट टोकाची, २४ नंबरची सुई चालते. परंतु साडीचे सूत इतके बारीक असते की ते मोजता येत नाही. म्हणून साडीवर कॅनव्हासची जाळी टाचून घ्यावी, जाळीची घरे मोजून टाके घालावेत आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढावेत. यासाठी सुई टोकदारच हवी. ती जाळीच्या धाग्यात अडकू देऊ नये, नाहीतर धागा निघत नाही. टाका जरा ताणून घ्यावा, कारण जाळी निघाल्यावर तो सैल पडतो. सहापदरी लडीतले दोनच पदर घ्यावेत आणि दोरा हातभरापेक्षा लांब कापू नये. लांब दोरा कापडातून ओढून ओढून पिंजतो. जाळी, सुया, सहा इंची रिंग आणि चार लड्या बेळगावच्या खडेबाजारात ४०० रुपयांच्या आत मिळाव्यात. मात्र पहिले काम जुन्या ओढणीवर करावे, चंद्रकळेवर नको.

खानापूरची काकू
हेच मी म्हणत होते. आधी रुमाल.

वडगावची लेक
आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी दिवा घेतलेला नाही, मॅटीही आणलेली नाही आणि रुमालही करणार नाही. संक्रांतीला तीनच महिने उरले आहेत. दुपारचे दोन तास धरले, तर रुमालावर हात बसेपर्यंत दिवाळी होईल आणि पदर तसाच राहील. म्हणून थेट चंद्रकळेवरच जाळी टाचली आहे. सगळा पदर भरण्याचा हट्ट मात्र सोडला आहे. लाल आणि पांढऱ्या दोऱ्याने पाच तुळशीवृंदावने, तीही फक्त गवंतीत, एवढेच करणार आहे. लाल दोरा ओल्या फडक्यात रात्रभर ठेवून पाहिला. रंग उतरला नाही.

कन्नड लिपीत शोधल्यावर एका आजींचा व्हिडिओ मिळाला. त्या प्रत्येक ओळीनंतर कापड उलटतात. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे बाण काढलेला कागद समोर ठेवून पहिले वृंदावन आठ दुपारींत पूर्ण केले. सुलट बाजू पाहून डोळ्यांत पाणी आले. काकू, उलट बाजूला दोन ठिकाणी आडवा दोरा गेला आहे. दोन्ही वेळा मी मंजिरीची फांदी विसरले होते. जाळी अजून काढलेली नाही. उद्या तेवढा भाग उसवून पुन्हा घालते.