वाईचे रास्ते मूळचे कोण?

प्रश्न: माझी आजी वाईच्या गणपती आळीतली. ती म्हणायची, "घाट रास्त्यांचा, पाणी कृष्णामाईचं." परवा ढोल्या गणपतीला गेलो आणि तिचं बोलणं आठवलं. हे रास्ते घराणं मूळ वाईचंच का? पेशव्यांशी त्यांचं नातं काय?

उत्तर: मूळ आडनाव गोखले, रास्ते नंतरचं. पेशव्यांशी नातं अगदी जवळचं. भिकाजी नाईक रास्त्यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिली. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव ही तिचीच मुलं. तिन्ही मुलांचा मृत्यू त्या माउलीने पाहिला. वाईला गेलं की मला देवळांआधी तीच आठवते.

उत्तर: देवळांचं सांगतो. काशीविश्वेश्वर १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव भिकाजींचा. पुढच्या वेळी गणपतीच्या देवळाची मागची भिंत नक्की बघा. ती माशाच्या आकाराची आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. कृष्णेचा पूर ज्याने डोळ्यांनी पाहिलाय, त्यालाच हे सुचणार!

उत्तर: आणि मेणवलीला जा हो, जवळच आहे. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भिंतीकडे मी पाठ करून बसलो होतो, आता मुद्दाम जाईन.