मदत हवी आहे: बुगरोसारखी त्वचा रंगवताना थर कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी. सरावासाठी फ्रेंच चित्रकार विल्यम बुगरोच्या (१८२५–१९०५) एका चित्राची तैलरंगात नक्कल करतेय. १८५०चा प्री द रोम हा फ्रेंच कलापुरस्कार पटकावलेला, पुढे पॅरिसच्या आकादेमी ज्युलियाँ या कलाशाळेत शिकवणारा हाच तो. त्याच्या १८७९च्या ‘व्हीनसचा जन्म’मध्ये ब्रशचा फटकारा शोधूनही सापडत नाही. ब्रशचे फटकारे उघड ठेवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकार मंडळींनी याच गुळगुळीतपणाची टिंगल केली. मला मात्र तोच हवाय!

अडचण अशी, की मानेवर उजेडाकडून सावलीकडे जाताना रंग मळकट होतो. आधी एकरंगी थर पूर्ण वाळवून वर पातळ, पारदर्शक थर द्यावेत, की ओल्या रंगातच कडा विरघळवाव्यात? आणि पावसाळ्यात जवसाचं तेल लवकर वाळत नाही, तेव्हा तुम्ही काय वापरता? व्यक्तिचित्रं करणाऱ्यांनी जरूर सांगा.