काय सेट करायचंय?

‘सेट’ला मराठीत नेमका शब्द कोणता, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, काय सेट करायचंय? गजर असेल तर तो लावतात. जेवणाची पानं मांडतात, किंवा आमच्या घरी म्हणतात तसं, पानं घेतात. निखळलेलं हाड बसवतात. लग्नाची तारीख ठरवतात, परीक्षेचा पेपर काढतात, कवितेला चाल लावतात, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत असत. इंग्रजीत या सगळ्याला तीन रोमन अक्षरांचा एकच शब्द पुरतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. सुमारे ४३० अर्थ आणि नोंदीची लांबी ६०,००० शब्दांच्या घरात, म्हणजे एक आटोपशीर पुस्तकच. पुढे कोशाच्या नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २०११ मध्ये ‘रन’ने त्याला मागे टाकलं. ‘रन’च्या नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. हे आकडे ऐकायला छान वाटतात, पण माझं मन त्यात फार रमत नाही. अर्थ किती हे शेवटी कोशकार कुठे रेघ ओढतो त्यावर ठरतं. दिवा लावणे, झाड लावणे आणि दार लावणे हे आपण एक मोजायचे की तीन?

मला जास्त गोडी वाटते ती या शब्दाच्या जन्माची. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत प्रयोजक करताना आतला स्वर बदलायचा आणि त्याच्या खुणा अजून शिल्लक आहेत. झाड पडतं तेव्हा ‘फॉल’, झाड पाडतात तेव्हा ‘फेल’. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांत हेच घडतं. आणि ‘सिट’चं मूळ शोधत मागे गेलं की संस्कृतातला ‘सद्’ धातू त्याचा सख्खा भाऊ निघतो. गुरूजवळ बसून घ्यायचं ते उपनिषद, भोवती बसलेली ती परिषद, एकत्र बसलेली ती संसद. म्हणजे ‘टेबल सेट करा’ म्हणणारा इंग्रज आणि संसदेत बसणारा खासदार एकाच धातूचं मीठ खातात.

आपलं ‘बसणे’ मात्र त्या धातूपासून आलेलं नाही. ते संस्कृतातल्या ‘उपविशति’पासून प्राकृतातून झिजत आलं. जुन्या मराठीतलं ‘बैसणे’ ही मधली पायरी. पण कुळ वेगळं असूनही संसार अगदी तसाच थाटलाय. गणपती बसवतात, घट बसवतात, नाटक बसवतात, कोंदणात हिरा बसवतात. घडी बसते, बस्तान बसतं, झाकण बसतं. खर्च बजेटमध्ये बसतो आणि अर्ज नियमात बसत नाही. धक्का बसतो, घसा बसतो, विश्वास बसतो, कानठळ्या बसतात. बाजारातून आल्यावर ‘कितीला बसलं?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. धंदा बसला म्हणजे बुडाला, आणि धंद्यात जम बसला म्हणजे नेमकं उलट. क्रिकेटमध्ये ज्याला ‘सेट बॅट्समन’ म्हणतात, त्याच्यासाठी मराठीत ‘जम बसलेला फलंदाज’ आधीपासून तयार होता. कुणाला भाषांतर करावंच लागलं नाही, कारण दोन्ही भाषांनी बसण्याच्या कल्पनेतूनच तो अर्थ काढला होता.

सूर्याचं तेवढं अवघड. त्याला कोण बसवणार? पण जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेटल्गांग’ असा शब्द होता, म्हणजे आसनाकडे जाणं. दिवसभर उभा असलेला सूर्य संध्याकाळी आपल्या बैठकीवर जातो, ही त्यामागची कल्पना. आपण ‘अस्त’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात शेवट, बुडणं असतं. वेदांच्या भाषेत मात्र ‘अस्त’ म्हणजे घर. अस्ताला जाणे म्हणजे घरी जाणे. हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी संध्याकाळी गच्चीत बराच वेळ उभी होते. एकाने सूर्याला बसायला आसन दिलं, दुसऱ्याने परतायला घर.

आता नाम. कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट. इथे बसण्याचा संबंध वरवरचा आहे. समूह या अर्थाचा ‘सेट’ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून आला. सेक्टा म्हणजे एकामागून जाणारे लोक, पंथ. पंथाला इंग्रजीत अजूनही ‘सेक्ट’ म्हणतात, तो याचाच भाऊ. याही मुळाला संस्कृतात नातेवाईक आहे, ‘सच्’ म्हणजे सोबत असणे, आणि त्यापासून सचिव. उच्चार एक झाल्यावर इंग्रजीत दोन्ही ‘सेट’ एकमेकांत मिसळले. मराठीने मात्र गणितासाठी ‘संच’ हा फार सुरेख शब्द उचलला. नववीच्या पुस्तकात संच, उपसंच, रिक्त संच मुलं सहज म्हणतात. जर्मन गणिती गेऑर्ग कँटर याने ही कल्पना मांडली तेव्हा ‘मेंगे’ हा शब्द वापरला होता. त्याचा साधा अर्थ पुष्कळपणा, घोळका. ‘संच’मध्ये गोळा करून ठेवल्याचा भाव आहे आणि तो मला घोळक्यापेक्षा जास्त नेमका वाटतो.

माझा खरा धडा मात्र सिमेंटने दिला. एका माहितीपत्रकाचं भाषांतर करताना ‘सेट होऊ द्या’साठी मी सरळ ‘वाळू द्या’ लिहिलं होतं. छपाईआधी एका अभियंत्याने ते वाचलं आणि मला फोन करून शांतपणे समजावलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते म्हणून ते घट्ट होतं. म्हणून तर स्लॅब टाकल्यावर त्यावर पाणी मारत राहतात. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटने ३० मिनिटांच्या आत पकड धरायला सुरुवात करता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत ती क्रिया पुरी व्हायला हवी. पूर्ण ताकद यायला पुढे कित्येक दिवस लागतात, ती गोष्ट निराळी. माझा ‘वाळू द्या’ वाचून कुणी पाणी मारायचं थांबवलं असतं तर बांधकामाला तडे गेले असते. मी ते ‘पकड धरू द्या’ असं बदललं. एका क्रियापदाने एवढं बिघडू शकतं हे तेव्हापासून विसरलेले नाही.

स्वयंपाकघरात तर प्रत्येक पदार्थाचं क्रियापद वेगळं. जेली सेट होते, पण दही लागतं आणि वड्या पडतात. यातही किती बारकावा! ‘दही छान लागलंय’ म्हणजे विरजण नीट जमलं, ‘दही छान लागतंय’ म्हणजे चव चांगली आहे. काळ बदलला की अर्थ बदलला. पावसाळा ‘सेट इन’ होतो तेव्हा आपल्याकडे मृग लागतो, तोही ‘लागणे’च्याच घरातला.

म्हणून ‘घर सेट केलं’, ‘तारीख सेट केली’, ‘देव सेट केले’ असं ऐकलं की मला वाईट वाटतं. घर लावलं, तारीख ठरवली, देव मांडले, ही तीन कामं आहेत. ती करताना हात वेगळे हलतात, मनही वेगळं असतं. एकाच ‘सेट’खाली ती गेली की ऐकणाऱ्याला काम दिसेनासं होतं. ‘सेट ॲन एक्झाम्पल’चं वर्तमानपत्रांत होणारं ‘उदाहरण प्रस्थापित केलं’ हेही मला खटकतं. आदर्श घालून देतात, कित्ता घालून देतात. ‘घालून देणे’ हे किती सोपं आणि घरगुती आहे.

नाम घ्यायला माझी हरकत नाही. कपबशांच्या सेटला मी सेटच म्हणते. नाटकवाल्यांनी तर हा प्रश्न कधीच सोडवून टाकलाय. दौऱ्यावरचा ट्रक थिएटरच्या मागच्या दाराशी उभा राहतो, फळ्या उतरतात, खिळे ठोकले जातात, आणि तासाभराने आतून कुणीतरी ओरडतं, ‘सेट लागला!’