वाहतूक तुंबली की इंजिन तापते: रेडिएटर बदलावा का?

कासारवडवलीकर:
नमस्कार. माझी पेट्रोल हॅचबॅक 2013 सालची असून ती 94,000 किमी चालली आहे. कासारवडवलीहून महापे येथे जाताना घोडबंदर रस्त्यावर गाडी वाहती असेपर्यंत तापमानाचा काटा मध्यावर असतो. परंतु कळवा नाका ओलांडून विटाव्याच्या रेल्वेपुलाच्या रांगेत दहा-पंधरा मिनिटे अडकलो की तो लाल पट्ट्यापर्यंत चढतो आणि दिघ्यापुढे वेग मिळताच आपोआप उतरतो. रांगेत एसीची हवाही कोमट होते. कूलंटच्या बाटलीतील पातळी आठवड्याला साधारण दोन बोटे कमी होते, मात्र पार्किंगमध्ये गाडीखाली ओल दिसत नाही. गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, तरी फरक पडला नाही. आता ते रेडिएटर बदलायला सांगत आहेत.

जुना फिटर:
कोणताही भाग बदलण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा तापते, हे पाहावे. आपण ते नोंदवले आहे, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा वॉटर पंपाची पाती झिजली असतील, तर गाडी सहसा वेगात आणि चढावर अधिक तापते, कारण तेव्हा इंजिनातून जास्त उष्णता बाहेर काढावी लागते. आपली गाडी वेगात थंड होते, म्हणजे समोरून वारा मिळाला की रेडिएटर आपले काम करतो. उभ्या गाडीत तो वारा पंख्याने द्यायचा असतो. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढेच असल्यामुळे पंखा फिरला नाही तर रांगेत एसीही कोमट होतो, आणि म्हणून माझा पहिला संशय पंख्यावर आहे.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडून, हात आणि कपडे पंख्यापासून दूर ठेवून, इंजिन व एसी सुरू करावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा संथ गतीने फिरू लागतो. तो न फिरल्यास एसी बंद करून इंजिन तापू द्यावे, पण काट्यावरची नजर हलवू नये. पंखा उशिरा, एकदम पूर्ण वेगात आणि मोठा आवाज करत सुरू झाला, तर मोटर शाबूत असून संथ गतीचा रेझिस्टर, म्हणजे वीज कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग, जळाला असण्याची शक्यता अधिक. मुळीच फिरला नाही, तर फ्यूज, रिले, सेन्सरचा कनेक्टर आणि शेवटी मोटर, या क्रमाने तपासावे.

ऐरोलीचा प्रवासी:
माझ्या जुन्या गाडीत सहा वर्षे थर्मोस्टॅट नव्हता आणि काहीही बिघडले नाही. आपल्याकडे थंडी पडतेच कुठे?

जुना फिटर:
थर्मोस्टॅटचा संबंध बाहेरच्या थंडीशी नाही. इंजिनातील पाणी साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणे, हे त्याचे काम आहे. तो नसेल तर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, तोवर संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि झीजही वाढते. काही इंजिनांत तोच व्हॉल्व्ह तापल्यावर बायपासची वाट बंद करतो. अशा ठिकाणी तो काढला की थोडे पाणी रेडिएटरला न शिवता पुन्हा इंजिनात फिरते. काही बिघडले नाही म्हणता, पण पेट्रोलचा हिशेब ठेवला होता का?

आता पातळीविषयी. रेडिएटरच्या झाकणातील रबर कडक झाले, तर ते ठरलेला दाब धरत नाही. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी हे मिश्रण उघड्यावर सुमारे 107 अंशांना उकळते, तर झाकणाने राखलेल्या सुमारे एक बारच्या जादा दाबाखाली 120 अंशांच्या पुढे. दाब गेला की ते आधीच उकळून बाहेर पडते, आणि तापलेल्या लोखंडावर वाळून जात असल्याने खाली थेंब दिसत नाही. झाकणाभोवती, होज पाइपांच्या जोडांवर आणि वॉटर पंपाखाली पांढरट किंवा रंगीत वाळलेले डाग शोधावेत. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. चिंधी धरून उघडण्याचे धाडस करणाऱ्यांचे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

हेड गॅसकेटची, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलची, शंकाही एकदा फेडून घ्यावी. इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येणे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघणे किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे, ही त्याची लक्षणे आहेत. फक्त छोट्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडी साय एरवीही दिसते, त्यामुळे एकट्या त्या खुणेने घाबरू नये. तोवर रांगेत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण ठेवावा. लाल पट्ट्याला टेकला तर मात्र बाजूला थांबून इंजिन बंदच करावे.

कासारवडवलीकर:
तपासणी केली. एसी लावल्यावर पंखा हलला नाही. एसी बंद करून इंजिन तापू दिले, तेव्हा काटा बराच वर गेल्यावर तो आपण वर्णिल्याप्रमाणे एकदम धडधडत सुरू झाला. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे रेझिस्टर जळालेला निघाला. झाकणाच्या रबराला भेगा होत्या आणि त्याच्या कडेला हिरवट थर होता. रेझिस्टर, झाकण आणि नवा थर्मोस्टॅट बसवून, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट निम्मे-निम्मे मिसळून भरले आणि एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, काढून घेतला. बुडबुडे किंवा साय आढळली नाही. काल विटाव्याला वीस मिनिटे अडकलो, काटा मध्यावरून हलला नाही. आज सकाळी पातळी पाहिली, ती खुणेवरच आहे. आणखी दोन आठवडे दर सोमवारी पाहीन. रेडिएटर जुनाच ठेवला आहे.