गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं: क्रँक बदलू की आधी सीट?

चाकोरी: हायब्रिड सायकल, साधी पायडलं, क्रँक (पायडल ज्याला लागतं तो दांडा) १७० मिमी. जांघेपासून जमिनीपर्यंत माप ७८ सेंमी. बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्याभोवती फिरतो त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ६६ सेंमी. चकत्यांचे दाते पुढे ४८-३८-२८, मागे १४ ते २८. वर्षभर दोन्ही गुडघे पुढून दुखतात, चढावर जास्त. सूज नाही, डॉक्टरांची सायकलला हरकत नाही. १६० चा क्रँक टाकू का?

पाना_आणि_ग्रीस: आधी सीट. सीटच्या उंचीचं सूत्र म्हणजे जांघेचं माप गुणिले ०.८८३. ७८ गुणिले ०.८८३ म्हणजे ६८.९, तुमची सीट जवळजवळ ३ सेंमी खाली आहे. त्यामुळे गुडघा जास्त दुमडलेला असतानाच जोर लागतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. पण एका दिवसात ३ सेंमी चढवू नका. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) टेपची खूण करा, ५ मिमी वर घ्या, दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचे ५. सूत्र हा निव्वळ अंदाज. नेहमीचे बूट घालून टाच पायडलवर ठेवा; पायडल तळाला असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. कंबर डुलू लागली किंवा दुखणं मागे लवणीत सरकलं तर सीट जास्त झाली, ५ मिमी उतरवा.

घाटवाट: गिअरचं कोणी बोललं नाही. ४८-१४ वर मिनिटाला ६० फेरे मारण्यापेक्षा ३८-१४ वर ७६ मारा. वेग तोच, पण पायडलवरचा जोर सुमारे पाचव्या हिश्शाने कमी. चढ लागण्याआधीच पुढच्या २८ वर या. जोर लावलेला असताना चेन नीट उतरत नाही.

पाना_आणि_ग्रीस: अगदी बरोबर. महिन्याभराने फरक नाही पडला, तरच १६०. तेव्हा सीट आणखी १० मिमी वर घ्यावी लागेल, म्हणजे पायडल माथ्यावर असताना गुडघ्याला २० मिमी मोकळीक. मात्र त्याच गिअरमध्ये जोर ६ टक्के जास्त लागतो, म्हणून एक गिअर हलका. क्रँक चौकोनी एक्सलवर (आसावर) बसवलेला असेल तर क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) पूर्ण आत फिरवूनच ओढा, नाहीतर क्रँकचे आंटे जातात. डाव्या पायडलचे आंटे उलटे असतात.

चाकोरी: सीटपोस्टची किमान खूण (निदान इथपर्यंत पोस्ट आत हवी ती) आत्ताच फ्रेमच्या तोंडाशी आहे.

घाटवाट: मग याच्यावर एक मिलिमीटरही नको, फ्रेम तडकते. लांब पोस्ट घ्या. जाडी पोस्टवरच कोरलेली असते, २७.२ वगैरे; पुसली असेल तर व्हर्नियरने मोजा. ०.२ मिमीचा फरकही चालत नाही, पोस्ट घसरते आणि सीट परत खाली येते.