अ‍ॅक्सेस स्विचवर एसटीपी अजून हवाच का?

केबलवाला: माझं मत, अ‍ॅक्सेस स्विचवरून (वापरकर्त्यांची यंत्रं ज्याला जोडतात तो स्विच) एसटीपी, म्हणजे स्विचच्या जाळ्यात लूप होऊ न देणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, काढून टाका. 1985 साली रेडिया पर्लमन यांनी डेक या संगणक कंपनीत असताना शोधलेला अल्गोरिदम, त्या काळाला तो उत्तमच होता. पण लूप टाळायला तो एक लिंक ब्लॉक करून ठेवतो. दोन अपलिंकचे (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या जोडण्यांचे) पैसे भरा, वापरा एक! लिंक तुटली की जुन्या 802.1डी मध्ये (मूळ एसटीपीचं मानक) 30 ते 50 सेकंद खोळंबा. त्यापेक्षा अ‍ॅक्सेसपर्यंत राउटिंग न्या. आयपी पॅकेटला टीटीएल (किती टप्पे जगायचं याची मर्यादा) असतो, लूप झाला तरी ते कधीतरी मरतं.

रात्रपाळी: 2001 च्या आरएसटीपीला (एसटीपीची वेगवान आवृत्ती) विसरलात वाटतं, तिथे हे काम बहुतेक वेळा सेकंदाच्या आत होतं. आणि राउटिंग स्विचपाशी संपतं हो! टेबलाखालच्या पाच पोर्टच्या डब्यात (छोट्या स्विचमध्ये) कुणीतरी लोंबणाऱ्या केबलचं दुसरं टोकही खुपसतं. इथरनेट फ्रेमला टीटीएल नाही. एकच एआरपी ब्रॉडकास्ट (हा पत्ता कुणाचा, अशी सगळ्यांना केलेली विचारणा) गरागरा फिरत राहतो, सीपीयू 100 टक्के, मग स्विचमध्ये लॉगिनसुद्धा होत नाही.

केबलवाला: 2002 मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलात एसटीपी चालूच होता की. नेटवर्क वाढत एसटीपीच्या सात हॉपच्या (सलग स्विचच्या) मर्यादेपलीकडे गेलं आणि डॉक्टर कित्येक दिवस कागदावर आले.

रात्रपाळी: मर्यादा मोडली तर दोष प्रोटोकॉलचा? एवढं मोठं लेयर 2 (राउटरशिवाय नुसत्या स्विचनी जोडलेलं जाळं) नको, हे मान्य. पण लहान ठेवा म्हणजे बंद करा नव्हे.

पॅचपॅनल: दोघांनीही रूट ब्रिजचं (एसटीपी ज्याला केंद्र धरून मार्ग ठरवतो तो स्विच) नाव काढलं नाही. सगळीकडे डीफॉल्ट प्रायॉरिटी 32768 ठेवलीत तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (यंत्राच्या हार्डवेअर पत्त्याचा) स्विच रूट होतो, म्हणजे बहुधा अडगळीतला सर्वांत जुना. आधी कोअरची (मधल्या मुख्य स्विचची) प्रायॉरिटी कमी करा, मग भांडा. शिवाय काही स्वस्त डबे बीपीडीयू (एसटीपीचे आपसातले निरोप) गिळतात, तिथे एसटीपीला लूप दिसतच नाही. स्टॉर्म कंट्रोल (ब्रॉडकास्टच्या पुराला मर्यादा) आणि लूप डिटेक्शन लागतंच.

केबलवाला: बघा, म्हणजे एसटीपी असून उपयोग नाही!

रात्रपाळी: काही डब्यांपुरता. बाकीचे बीपीडीयू पुढे ढकलतात, तो परत आला की पोर्ट बंद. पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच चालू) आणि बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला की पोर्ट बंद), वापरकर्त्याच्या प्रत्येक पोर्टवर.

केबलवाला: आणि रात्री दोनला पोर्ट एरर-डिसेबल (चुकीमुळे आपोआप बंद) झाला की उघडायला कोण जाणार?

रात्रपाळी: ऑटो रिकव्हरी लावा, ठरावीक वेळाने पोर्ट आपोआप उघडतो. सिस्कोत डीफॉल्ट 300 सेकंद. केबल तशीच असेल तर पुन्हा बंद होईल, होऊ दे. मजला तरी चालू राहतो.